मोजणीबाहेरचे मृत्यू

कामावरचे मृत्यू घटले असं कुणी आकडे दाखवून सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, मोजले कुणाचे? महाराष्ट्रात कारखान्यातल्या मृत्यूची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे होते. पण त्यासाठी ती जागा आधी कायद्याच्या लेखी कारखाना असावी लागते. १९४८ च्या कायद्यात विजेवर काम चालणाऱ्या जागेला १० कामगार पुरत, नव्या कामगार संहितेत २० लागतात. काम धोक्याचं असेल तर सरकार एका कामगारालाही कायद्याखाली आणू शकतं हे खरं, पण ती शेड तिथे आहे हे सरकारला ठाऊक तर हवं. पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला केकवरच्या, फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणारी शेड पेटली. परवाना नव्हता. गेल्या त्या बहुतेक बायका.

शेतात तर शेडही नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. कपाशी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला नोझल वर धरूनच चालावं लागे, आणि उडालेलं औषध त्याच्याच तोंडावर, छातीवर यायचं. सदरा भिजून अंगाला चिकटायचा, तरी ओळी संपेपर्यंत थांबायची सोय नव्हती. नंतर चर्चा रंगली ती त्याने मास्क आणि हातमोजे का घातले नाहीत याची. मला या प्रश्नाचा राग येतो. रोजाने फवारायला जाणाऱ्याने मास्क मागून अडून बसावं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा गडी उभा असतो. आणि ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा कोट चढवून दिवसभर पंप मारून दाखवावा कुणीतरी.

शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर १ ऑगस्ट २०२३ ला गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले, तेव्हा सगळ्यांना कळलं. परांचीवरून एकटाच पडलेला गवंडी मात्र फार तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला जातो.

मोजणी तिथूनच सुरू करा, असं माझं म्हणणं आहे. माणूस काय काम करताना गेला, ते काम कुणाचं होतं, त्याला कामाला कुणी लावलं, हे त्या नोंदीत सक्तीचं करा आणि तिची प्रत कामगार विभागाला जाऊ द्या. शेत, गटार, परांची, शेड सगळं एका यादीत आलं की आकडा वाढेल. वाढू दे. निरीक्षक कुठे धाडायचे हे निदान त्यावरून ठरवता येईल.