दैवाचा वाटा

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर काम उभं राहतं ते. कर्ता. करण, म्हणजे साधनं. चेष्टा, म्हणजे नाना प्रकारची खटपट. आणि पाचवं दैव. दोनच श्लोक पुढे, सोळाव्यात, एक कानपिचकीही आहे. हे पाचही असताना जो ‘सगळं मीच करतो’ असं समजतो, त्याला नीट दिसतच नाही, असं भगवंत म्हणतात.

जुन्या भाष्यांत अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता, असा अर्थ सांगितलाय. तो खोल आहे. पण आज हा श्लोक आपण अगदी रोजच्यातल्या एका कामाला लावून बघू. सुट्टी संपलीय, दिग्रसहून निघायचंय आणि नागपूरहून विमान पकडायचंय.

हसू नका. यात धर्माचा प्रश्न आहे, आणि तो चांगलाच अवघड आहे.

घर दिग्रसला आणि नोकरी पुण्याला नाहीतर बंगळुरूला, अशी कितीतरी मुलं-मुली दर दिवाळीनंतर हा प्रवास करतात. दिग्रसला अजून रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, पण आपल्या गावापर्यंत गाडी यायची आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. ते जवळ पडतं, पण फेऱ्या मोजक्या. म्हणून बहुतेकांना नागपूरच. आर्णीला जाऊन तुळजापूर–नागपूर महामार्गाला लागायचं, मग यवतमाळ, कळंबच्या चिंतामणीला गाडीतूनच हात जोडायचे, वर्धा नदी ओलांडून देवळी, वर्धा, बुटीबोरी आणि शेवटी सोनेगावचा विमानतळ. दोनशेहून जास्त किलोमीटर. चहाला थांबलं तर चार तास धरावे.

आता हिशेब उलटा करायचा. समजा विमान सकाळी अकराचं आहे. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे दहाला. बॅग द्यायची, सुरक्षा तपासणीची रांग लावायची, म्हणून नऊला पोहोचायचं. चार तास मागे गेलं की पहाटेचे पाच. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो. ‘पाचला निघू, बरोबर पोहोचू.’

श्लोक हातात घेऊन हा हिशेब तपासा. रस्ता म्हणजे अधिष्ठान, तो धरला. गाडी चालवणारा कर्ता, तोही धरला. गाडी, डिझेल, मोबाइलवरचा नकाशा ही करणं झाली. गजर लावणं, बॅग भरणं, उठणं ही चेष्टा. चार गोष्टी मोजल्या. पाचवी कुठेच नाही. दैवाला आपण शून्य मिनिटं दिली.

आणि दैव काही आकाशातून वीज होऊन येत नाही. आर्णीच्या रस्त्यावर ते मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली होऊन पुढे येतं. पहाटेच्या अंधारात रोही होऊन आडवं जातं. पंक्चर होतं, पावसाळ्यात नाल्याचा पूर होतं, हिवाळ्यात धुकं होतं. कधी तर घरातूनच सुरुवात होते. ‘थांब न जरा, काहून घाई करतं, पोळ्या होतच आहेत,’ असं आई म्हणते, आणि अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. आईला दोष देऊ नका. निघायच्या वेळी आईचा पाय आणि हात दोन्ही जड होणार, हे दरवर्षीचं आहे. ते हिशेबात धरायला हवं होतं.

इथे काही जण म्हणतात, ‘एवढा विचार कशाला? श्रद्धा आहे ना, देव पोहोचवतो.’ ऐकायला भक्तीचं वाटतं. पण जरा खोदून बघा. पाचला निघायचे ते साडेपाचला निघालो, आता देव पोहोचवणार म्हणजे नक्की काय करणार? रस्ता छोटा करणार नाही. विमान थांबवणार नाही. मग ते ‘पोहोचवणं’ एकाच ठिकाणाहून येतं, ते म्हणजे वेगातून. मागच्या सीटवरून आपण म्हणतो, ‘दादा, जरा लवकर घ्या ना.’ श्रद्धेची किंमत त्या क्षणी दादाच्या पायाखाली जाते.

ती किंमत मोजून बघू. दीडशे किलोमीटरचा सरळ रस्ता धरा. ताशी ८० ने एक तास बावन्न मिनिटं लागतात. ताशी १२० ने सव्वा तास. वाचतात जेमतेम सदतीस मिनिटं. पण वेग दीडपट झाला की धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. ब्रेक लावून थांबायला लागणारं अंतरही साधारण त्याच पटीनं वाढतं. हीच सदतीस मिनिटं घरच्या अंगणात किती स्वस्त होती! गजर आधीचा लावला असता तर फुकट मिळाली असती. रस्त्यावर ती विकत घ्यावी लागतात. आणि पैसे आपण एकटे भरत नाही. बैलगाडीवाला, सायकलवर शाळेत निघालेली पोरगी, समोरून येणाऱ्या एसटीतले प्रवासी या सगळ्यांच्या खिशातून न विचारता काढलेले असतात.

कर्त्याबद्दलही एक बोलायचंय. नागपूरला जायला आपण बहुतेकदा भाड्याची गाडी करतो. चालवणारा दादा आपल्याला सोडून त्याच दिवशी परत येतो, म्हणजे त्याचे चारशेहून जास्त किलोमीटर होतात. विमान सकाळी सहाचं असेल तर त्याला मध्यरात्री निघावं लागतं. तो आदल्या दिवशी झोपला का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? तिकीट स्वस्त म्हणून आपण सहाचं विमान घेतलं. वाचलेले पैसे आपल्या खात्यात आणि जागरण त्याच्या डोळ्यांत. सोळाव्या श्लोकातली कानपिचकी इथे सरळ लागू पडते. ‘मी विमान पकडलं’ असं आपण म्हणतो, आणि ज्यानं आपल्याला तिथवर नेलं तो वाक्यात कुठेच नसतो.

रस्ते चांगले झाले की हा प्रश्न सुटेल, असं वाटतं. नाही सुटत. तुमच्यातले काही जण शनिवार-रविवार नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनरी बघायला जातात आणि रविवारी रात्रीचं विमान मुंबईहून पकडतात. पूर्वी कसारा घाटाच्या धास्तीनं लोक लवकर निघायचे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि डोंगराच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा मिळाला. रस्त्यानं वेळ वाचवून दिला. पण माणूस तेवढाच उशिरा निघायला लागला, तर वाचलेला वेळ गेला कुठे? दुपारच्या जेवणाच्या टेबलावर संपला. दैवाच्या वाट्याला पुन्हा शून्यच. (आणि वाइन चाखली असेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. कर्ताच जागेवर नसेल तर उरलेली चार कारणं काय करणार?)

आतापर्यंतचं बोलणं अपघात टाळण्याचं झालं. पण दैवाचा वाटा ठेवायचं कारण याहून मोठं आहे.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो केला होता. धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय तर बायबलमधली ती गोष्टच होती, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याची. जाताना वाटेत एक माणूस दारात वाकून बसला होता, खोकत, कण्हत. तो मुद्दाम बसवलेला होता. कोण थांबतं, हे बघायचं होतं. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय दयेचा होता की दुसरा, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर दयेवर बोलायला जाताना त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

ही मुलं वाईट नव्हती. आपल्यासारखीच होती. धर्मग्रंथ रोज वाचणारी, मनापासून चांगलं वागू इच्छिणारी. त्यांच्याकडे श्रद्धा होती, ज्ञान होतं, करुणा होती. नव्हती ती पाच मिनिटं.

आता देवळीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक दुचाकी पडलेली दिसते आणि शेजारी एक माणूस पडलाय, असं समजा. पाचला निघालेल्या गाडीत या माणसासाठी जागाच नाही. तुम्ही कितीही चांगले असा, तुमच्या मनात आधी चेक-इनची वेळ येणार. ‘कोणीतरी थांबेल’ असं वाटणार. कदाचित तो दिसणारही नाही, कारण डोळे मोबाइलवरच्या पोहोचायच्या वेळेवर खिळलेले असतील. चारला निघालेल्या गाडीतही तुम्हीच आहात, तितकेच चांगले. पण ती गाडी थांबू शकते. १०८ ला फोन लागू शकतो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ बसू शकतं. कायद्याची भीतीही नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय. चांगुलपणानं मदत करणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, आणि त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

म्हणून मला वाटतं, हा जो जास्तीचा तास आहे त्याकडे आपण चुकीच्या नजरेनं बघतो. आपण त्याला स्वतःचा विमा समजतो, ‘माझं विमान चुकू नये म्हणून.’ तो तास खरं तर आपला नाहीच. तो पाचव्याचा आहे. जेवायला बसताना काकबळी आणि गोग्रास बाजूला काढायची आपली जुनी पद्धत आहे. कावळा येईल, गाय येईल की वाटेवरचा भुकेला, हे तेव्हा ठरलेलं नसतं. कोणीतरी येईल, एवढंच धरलेलं असतं. वेळेचंही तसंच. एक घास बाजूला ठेवून निघायचं. कधी तो पंक्चर खाईल, कधी धुकं, कधी रस्त्यावर पडलेला माणूस. आणि कोणीच आलं नाही तर विमानतळावर बसून निवांत नामस्मरण करा. वाया गेला असं तेव्हाही म्हणू नका.

एक शंका मात्र राहते. तासभर आधी निघालो, दैवाचा वाटा ठेवला, तरी विमान चुकलं तर?

चुकू शकतं. श्लोक नीट वाचला तर ते आधीच सांगितलेलं आहे. दैव पाचवं कारण आहे. आपण त्याला वाटा देतो म्हणजे त्याला विकत घेत नाही. तासाच्या बदल्यात विमान मिळालंच पाहिजे, असा सौदा मांडला की आपण पुन्हा ‘सगळं मीच करतो’ या जागी येऊन बसतो. मग काउंटरवरच्या मुलीवर ओरडणं होतं, दादावर चिडणं होतं. दुसऱ्या अध्यायात कर्मावर अधिकार आणि फळावर नाही असं जे सांगितलंय, ते अशा वेळी कळतं. तिकिटाचे पैसे जातील, साहेब बोलेल, हळहळ होईलच. पण आपल्या वाटणीची चार कारणं आपण सांभाळली आणि पाचव्याला जागा दिली, एवढं खरं असेल तर काउंटरपुढे मान खाली घालायची गरज नाही.

आजचा छोटा संकल्प : पुढच्या वेळी गावाहून निघताना उलटा हिशेब कागदावर मांडा. शेवटी एक ओळ वाढवा आणि तिच्यापुढे ‘दैव : १ तास’ असं लिहा. गाडीवाल्या दादाला आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘दादा, झोप होईल ना? नाहीतर दुसरं विमान बघतो.’ आणि आईला निघायची खरी वेळ दोन दिवस आधीच सांगा. पोळ्या वेळेत होतील.

उद्या पंधरावा श्लोक बघू. तोवर सावकाश चालवा.

राम कृष्ण हरी.