इंद्रायणी भात आणि बीटी वांगं

देहूच्या नदीचं नाव मिरवणारा इंद्रायणी तांदूळ पिढ्यान्‌पिढ्यांचा असावा, असं खाणाऱ्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ केंद्राने तो १९८७ साली प्रसारित केला. आपला आंबेमोहर १५७ आणि फिलिपिन्समधून आलेला आयआर-८ यांचा तो संकर. म्हणजे मावळच्या ताटातला हा सुवासिक, किंचित चिकट भातही शास्त्रज्ञांनीच घडवला आहे.

म्हणून जनुकीय बदल केलेली खाद्यपिकं केवळ निसर्गाविरुद्ध म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. अर्थात संकर वेगळा आणि हे तंत्र वेगळं. बीटी वांग्यात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं आणि शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. असं वांगं भाजीत येण्याआधी त्याची कसून तपासणी व्हायलाच हवी.

गाडं अडलं ते इथेच. जालन्याच्या महिकोच्या बीटी वांग्याला केंद्राच्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. स्वतंत्र चाचण्या हव्यात, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. पण स्थगिती ही तपासणीसाठी मागून घेतलेली मुदत असते. आपण ती वाया घालवली. बांगलादेशाने महिकोचंच तंत्र घेऊन २०१३ मध्ये चार वाणांना परवानगी दिली. ते वाण सरकारी संस्थेचे आणि सरळ आहेत, शेतकऱ्याला घरचं बी धरता येतं. इकडे जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने विनापरवाना बियाणं उघडपणे पेरलं. कायदा मोडण्याचं समर्थन मी करणार नाही, पण फवारणीने मेटाकुटीला आलेल्या माणसाला नुसतं ‘थांब’ म्हणून कसं चालेल?

शिवाय आपलं ताट कोरं राहिलेलंच नाही. बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे. त्याच्या सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत जातं, पेंड दुभत्या जनावरांपुढे पडते. वांग्यावर एवढं वादंग आणि सरकीबद्दल अवाक्षर नाही, ही विसंगती मला छळते. त्याच कापसाने दुसरा धडाही दिला. बाजारात संकरित वाणच आले, दरवर्षी पाकीट विकत घेणं भाग पडलं आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडं पोखरली तेव्हा भुर्दंड शेतकऱ्याच्याच माथी आला.

मावळातला शेतकरी भरदार लोंब्या निवडतो, त्या वेगळ्या झोडतो, दाणे वाळवून ठेवतो आणि पावसाच्या तोंडावर तरव्यात टाकतो. घरचं बी राखायचा हा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. माझ्या लेखी सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. जनुक कुठलं, या प्रश्नाइतकाच बी कोणाच्या हाती राहणार हा प्रश्न मोठा आहे.

आता पाळी भाताची आहे. बाहेरचं जनुक न घालता भाताच्याच जनुकात नेमका फेरफार केलेले दोन वाण भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मे २०२५ मध्ये जाहीर केले. अशा वाणांना २०२२ मध्येच जुन्या कडक नियमांतून सूट मिळाली आहे. उद्या तसा इंद्रायणी येणार असेल, तर तो आधी वडगावच्या खाचरात, सरकारी खर्चाने, आसपासच्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पिकवावा. चाचण्यांचे आकडे मराठीत जाहीर करावेत आणि घरचं बी धरण्याची मुभा पिशवीवर ठळक छापावी.