दंतव्यथा आणि सोबत

मनुष्याचे दुःख ज्याचे त्यानेच भोगावे लागते, त्यात दुसऱ्यास वाटेकरी होता येत नाही, हा सिद्धान्त आपल्याकडे इतक्या ठिकाणी आणि इतक्या निःशंकपणे मांडला गेला आहे की त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. नैयायिकांनी सुखदुःखांना आत्म्याचे गुण मानले. ज्याच्या ठायी ते उत्पन्न होतात त्यालाच मनाच्या द्वारे त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान व्हायचे, इतरांनी मुद्रेवरून वा कण्हण्यावरून केवळ अनुमान करायचे. मनुस्मृतीत तर जीव एकटाच जन्मतो, एकटाच लय पावतो आणि आपल्या सुकृतदुष्कृतांचे फळही एकटाच भोगतो, असे स्वच्छ सांगितले आहे. पश्चिमेकडे विसाव्या शतकात या प्रश्नाचा पिच्छा पुरविणाऱ्या लुडविग विट्गेन्श्टाइनने दृष्टान्तासाठी नेमकी दातदुखी निवडली. ऑस्ट्रियातून इंग्लंडात आलेल्या या तत्त्वज्ञाने 1933-34 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना सांगितलेल्या आणि पुढे ‘ब्लू बुक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणांत, दुसऱ्याच्या दातात मला वेदना होऊ शकेल काय, हे वारंवार उलटसुलट करून पाहिले आहे. ही निवड मला फार यथार्थ वाटते. गालावर सूज येईपर्यंत दुखऱ्या दाताची बाहेर कोणतीच निशाणी दिसत नाही, आणि रात्री घर निजल्यावर ज्याचा दात ठणकतो तो जितका एकटा असतो तितका एकटा मनुष्य क्वचितच असेल.

हे सर्व मान्य केले म्हणजे प्रश्न उरतो तो असा, की वेदना जर तिळमात्रही वाटून घेता येत नाही, तर दंतवैद्याकडे जाताना कोणी सोबतीला न्यावे कशासाठी आणि कोणी जावे तरी कशासाठी? स्वदेशात हा प्रश्न फारसा पडत नाही. तेथे वैद्य ओळखीचा असतो, भाषा आपली असते, आणि बरोबर कोणी आले तरी ते घरच्या वहिवाटीने येते. पण पिंपरी-चाकणच्या मोटार-उद्योगातून बदली होऊन जर्मनीत स्टुटगार्टकडे गेलेल्या मराठी कुटुंबांत, तेथे नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांत, मुलाकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या आईवडिलांत हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. ज्याला सोबत हवी असते तो ती मागायला संकोचतो. दाताच्या दुखण्यासाठी कोणाची रजा कशाला मोडायची, असे त्याला वाटते. ज्याच्याकडे ती मागितली जाते, त्यालाही आपण तेथे जाऊन नक्की काय करणार, याचा उलगडा झालेला नसतो.

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. प्रत्येकाच्या अंगी चार-चार गुण असावेत अशी अपेक्षा आहे. रोग्याला चिकित्सेचा एक पाद मानणे आणि त्याच्याकडूनही गुणांची अपेक्षा करणे, हीच मुळात मोठी दृष्टी आहे; कारण तीत रोगी हा उपचाराचा निव्वळ विषय न राहता त्या कार्यातला कर्ता ठरतो. त्याचे गुण कोणते? स्मृती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती, निर्भयता, आणि ज्ञापकत्व, अर्थात आपल्या व्याधीचे यथातथ्य निवेदन करण्याचे सामर्थ्य.

आता परक्या देशात दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या मनुष्याची अवस्था पाहावी. त्याचे ज्ञापकत्व भाषेच्या अभावी गेलेले असते, आणि जे थोडे शब्द त्याला येतात तेही तोंडात आरसा, नळी आणि कापूस शिरताच निरुपयोगी होतात. व्यथा सांगण्याचे इंद्रियच व्यथेचे स्थान असल्यामुळे तो दुहेरी मुका होतो. स्मृती असून नसल्यासारखी, कारण न समजलेली सूचना स्मरणात राहणार कशी? दात काढल्यानंतर पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये, नाहीतर जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून येते. बधिरता उतरेपर्यंत काही चावू नये, नाहीतर जीभ वा ओठ दाताखाली येतो आणि कळतही नाही. असल्या साध्या गोष्टी घरी जाऊन बिघडतात त्या याच कारणाने. निर्भयता तर अनोळखी हत्यारांच्या आवाजातच विरघळते. म्हणजे चार गुणांपैकी तीन नाहीसे झालेले आणि चौथा, सांगितलेले पाळण्याचा, त्या तिहींवाचून पांगळा. सोबती या ठिकाणी येतो. तो वेदनेचा वाटेकरी होत नाही. देशांतराने रोग्याचे जे गुण हिरावले ते तो त्याला काही काळ उसने देतो, आणि रोगी पुन्हा चिकित्सेचा चौथा पाद होऊ शकतो.

याचा प्रत्यय मला स्टुटगार्टला असताना एका स्नेह्याच्या आईबरोबर दंतवैद्याकडे गेलो तेव्हा आला. वैद्यबाई तपासता तपासता दातांचे अंक सहायिकेला सांगत होत्या आणि ‘ड्राय झेक्स’ येताच थबकल्या. तीन-सहा, म्हणजे जबड्याच्या तिसऱ्या, खालच्या डाव्या चतुर्थांशातील मध्यापासून सहावा दात. या पद्धतीने जगातील बहुतेक देशांतले दंतवैद्य एकमेकांस दात दाखवितात. मग त्यांनी बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा त्या दातास लावला आणि काढला. कळ आली, हे काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांवरून खोलीतल्या सर्वांनाच कळले. पण वैद्यास हवे होते ते निराळे होते: बोळा काढताच ती गेली की मागे रेंगाळली? तत्क्षणी गेली तर दाताचा गाभा बहुधा वाचविता येतो, बराच वेळ रेंगाळली तर तो बहुधा हाताबाहेर गेलेला असतो आणि मामला रूट कॅनलवर किंवा दात काढण्यावर येतो. “गार काढलं तरी राहतेच रे, कानापर्यंत जाते,” काकू म्हणाल्या. हे वाक्य दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे पोहोचविणे, त्यात पदरचे काही न घालणे, एवढेच माझे काम होते. त्या काकूंच्या वेदनेचा कण माझ्या वाट्याला आला नाही, परंतु तिची साक्ष मात्र योग्य दरबारी रुजू झाली.

पुढे एक्स-रेची वेळ आली तेव्हा मला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. ते रास्तच होते. ज्या देशात विल्हेल्म रॉन्टगेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात या किरणांचा शोध लावला, त्याच देशात पुढील जानेवारीत ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेण्यासाठी 25 मिनिटे ते किरण सोसले. आज क्षणार्धात होणाऱ्या कामासाठीही दुसऱ्या कोणास त्या खोलीत ठेवीत नाहीत. बंद दाराबाहेर उभे असताना मनूचे वचन मला अक्षरशः पटले. अशी काही दारे आहेत की ज्यांच्या आत सोबत जाऊच शकत नाही, आणि हे ज्याला उमगले नाही त्याची सोबत लवकरच अतिक्रमण होऊन बसते.

ते अतिक्रमण कसे घडते हे सांगितलेच पाहिजे, कारण ते प्रेमाच्या पोटी घडते. वैद्याची नजर भाषा जाणणाऱ्याकडे वळते, प्रश्न त्याला विचारले जातात, आणि दात ठेवायचा की काढायचा याची मुखत्यारी नकळत त्याच्या हाती येते. नवऱ्याने बायकोच्या वतीने परस्पर उत्तरे द्यावीत आणि तिला नंतर वाटेत ‘तुझा दात काढायचा ठरला आहे’ असे सांगावे, ही गोष्ट आपल्या लोकांत दुर्मीळ नाही. जर्मनीत 2013 पासून दिवाणी कायद्यातच अशी कलमे आहेत की उपचाराची माहिती रुग्णास समजेल अशा रीतीने द्यावी आणि त्याची स्वतःची संमती घ्यावी. दुभाष्याचा खर्च मात्र तेथील सार्वजनिक आरोग्यविमा साधारणतः सोशीत नाही, आणि म्हणून कायद्याचे ते अभिवचन पुरे करण्याचे ओझे स्नेह्यासोबत्यांवर पडते. चरकाने उपस्थात्याच्या गुणांत अनुरागाबरोबर दाक्ष्यही घातले आहे. ज्याचा अनुराग खरा आहे त्याने वैद्याच्या आणि रोग्याच्या दृष्टीआड येणार नाही अशा जागी बसावे, विचारलेला प्रत्येक प्रश्न रोग्यापर्यंत न्यावा, आणि उत्तराला उशीर लागला तर उशीर लागू द्यावा. काकूंना दोन्ही पर्याय, खर्च, आणि प्रवासी विम्यातून तातडीच्या वेदनाशमनापलीकडे फारसे मिळत नाही ही अडचण, सारा तपशील सांगितल्यावर त्यांनी बराच विचार करून दात काढण्यास कबुली दिली. माझे मत निराळे होते. ते त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

याहून गंभीर गोष्ट मुलांची. परदेशात वाढणाऱ्या मुलास तेथील भाषा सर्वांत आधी येते, म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईबरोबर दंतवैद्याकडे धाडण्याची प्रथा पडते. हे करू नये. आईला किती दुखते, कोणत्या औषधाने तिला पूर्वी अपाय झाला, ती गरोदर आहे काय, हे प्रश्न त्या मुलाच्या तोंडून जाऊ नयेत आणि त्यांची उत्तरे त्याच्या कानी पडू नयेत. मुलास भाषा आली म्हणून ते उपस्थाता होत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून मंचकावर निजविले, आणि मग संघास एकत्र बोलावून समजाविले की, शुश्रूषा करायला तुमचे आईबाप येथे नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर पाहणार कोण? वेदना कोणाची हा प्रश्न तेथे कोणी काढला नाही. घर सोडून गेलेल्यांना उद्देशून सांगितलेली ती गोष्ट आहे, आणि पोटासाठी घर सोडून गेलेले आपले लोकही त्याच अवस्थेत आहेत. तेव्हा स्टुटगार्टला असो वा टोकियोला, एखादा नवखा मराठी माणूस चाचरत विचारील की दंतवैद्याकडे बरोबर याल का, तर कामाची अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर जावे. आणि ज्याला सोबत हवी आहे त्याने ती निःसंकोच मागावी, पण मुलाला शाळेतच राहू द्यावे.