सद्भाव : हेतू आणि काळजी

इंग्रजी कायद्यातील ‘गुड फेथ’ या संज्ञेला मराठीत ‘सद्भाव’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. ‘भाव’ म्हटले की दृष्टी कर्त्याच्या अंतःकरणाकडे वळते. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे कृती निर्दोष ठरते काय?

भारतातील कायद्यांनी या प्रश्नाला दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. योग्य काळजी व अवधान यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ५२ वे कलम सांगत होते. उलट १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने प्रामाणिकपणे केलेली कृती, तीत हयगय असो वा नसो, सद्भावाचीच मानली.

या विसंवादामागे कारण आहे. दुसरी व्याख्या इंग्लंडच्या १८८२ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंज अ‍ॅक्टमध्येही आढळते. हातोहात फिरणाऱ्या हुंडीचा पूर्वेतिहास प्रत्येकाने शोधावा म्हटले, तर व्यापारच थांबेल. तेथे मनात कपट नसणे पुरेसे असते. दंड संहितेत मात्र ही संज्ञा येते ती बहुधा दुसऱ्याला झालेल्या इजेचे समर्थन करताना. १८८७ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात एका कविराजाने साध्या चाकूने मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली होती. रक्तस्रावाने रोगी दगावला. कविराजाला रोग्याचे बरेच करायचे होते; अशा शस्त्रक्रिया त्याने पूर्वीही केल्या होत्या. तरीही न्यायालयाने त्याला सद्भावाचा आधार नाकारला.

निर्णय कठोर वाटतो. जे शिक्षण त्याला कधी मिळालेच नाही, त्याच्या अभावाचा दोष त्याच्या माथी का मारावा? परंतु आपल्या अज्ञानाची मर्यादा न ओळखता त्याने दुसऱ्याच्या देहावर चाकू चालविला. हेतूची साक्ष कर्ता स्वतः देतो, चुकीची किंमत मात्र दुसरा मोजतो. म्हणून अशा ठिकाणी प्रामाणिकपणाला काळजीची जोड अपरिहार्य ठरते.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ‘गुड फेथ’ची ही व्याख्या कायम ठेवली आहे. ज्याच्या हाती शस्त्र, विद्या वा सत्ता आहे, त्याने आपला हेतू चांगला होता असे सांगितल्यावर, ‘पुरेशी चौकशी केली होती काय?’ हा पुढचा प्रश्न त्या व्याख्येमुळे शिल्लक राहतो.