न ऐकता दिलेली दाद

तीन मिनिटं बारा सेकंदांचं गाणं ऐकायला किती वेळ लागतो? तीन मिनिटं बारा सेकंद. पण मागच्या पावसाळ्यात असं एक गाणं ग्रुपवर आलं आणि मी वीस सेकंदांत त्याखाली ‘एक नंबर, भावा!’ लिहून मोकळा झालो. सोबत आगीची तीन चित्रं टाकली आणि लॅपटॉपवर चालू असलेल्या मीटिंगमध्ये परत गेलो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण हौशी लोक एकमेकांचं नेमकं काय देणं लागतो?

आधी ग्रुपबद्दल सांगतो. आम्ही चौदा जण आहोत. काही माझ्यासोबत मंठ्याच्या शाळेत होते, काही नंतर इंजिनिअरिंगला भेटले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून मी मंठ्याला घरी आलो, तेव्हा बॅगेत लॅपटॉप होता आणि एक युकुलेले होतं. ते बघून आजोबांनी विचारलं होतं, “गिटारीचं पिल्लू हाय का?” उत्तर फार चुकीचं नव्हतं. चार नायलॉनच्या तारा, आणि पहिल्याच दिवशी एका बोटानं वाजणारी सी कॉर्ड. ज्याला काहीच येत नाही, त्यालाही अर्ध्या तासात ‘आपल्याला येतंय’ असं वाटायला लावणारं हे वाद्य आहे. बघता बघता ग्रुपमधल्या सहा-सात जणांनी ते घेतलं. बाकीचे नुसते गातात.

दर रविवारी कुणीतरी विषय देतं. पाऊस, प्रवास, आई, ज्या गाण्यात रंगाचं नाव आहे असं गाणं, चार कॉर्डमध्ये बसणारं गाणं. शनिवारपर्यंत ज्यानं त्यानं आपलं गाणं व्हॉइस मेसेजनं टाकायचं. गाणी सगळी दुसऱ्यांची. आमच्यापैकी एकानंही आजवर स्वतःचं गाणं केलेलं नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, यातला नैतिक प्रश्न हाच असणार. दुसऱ्याचं गाणं आपण गावं का? आणि वाईट गावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच सापडलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे. हौशी मंडळानं पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेलं सादरीकरण हे उल्लंघन धरलं जात नाही, असं त्यात आहे. गाणं नव्यानं रेकॉर्ड करून विकायचं असेल तर गोष्ट वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ३१सी नुसार त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, मालकाला आधी कळवावं लागतं आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. कायदा तसा रुक्ष प्राणी. पण पोटासाठी गाणारा आणि हौसेसाठी गाणारा यांत फरक आहे, एवढं त्यालाही कळतं.

कायद्याच्या कितीतरी आधी हे मंठ्यातल्या कुठल्याही भजनी मंडळाला ठाऊक होतं. भजन म्हणजे दुसऱ्याचीच गाणी. संताचं नाव शेवटच्या चरणात विणलेलंच असतं, त्यामुळे चारशे वर्षांनी गाणाऱ्यालाही ते घेतल्याशिवाय अभंग संपवता येत नाही. आणि विषयही ठरलेले. आधी रूपाचे अभंग, पुढे गौळणी, मग भारूड. गौळणी सुरू झाल्या की प्रत्येकानं आपल्या पोतडीतली गौळण काढायची. आमच्या रविवारच्या विषयात नवं काही नव्हतंच.

बदल किती करावा, यावरही आपल्याकडे विचार झालेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखी होईल. शब्दांना हात लावायचा नाही. चाल मात्र गावोगावी वेगळी, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

युकुलेलेचं जग याहून सैल आहे. हे वाद्य स्वतःच एक कव्हर आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात लाकूडकाम करणारे काही कारागीर होते. त्यांच्या मदेरातल्या छोट्या वाद्यावरून हवाईत युकुलेले घडलं. नावाचा अर्थ साधारण ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. पुढे १९८८ मध्ये इझराएल कामाकाविवोओले या हवाईच्या गायकानं दोन जुनी अमेरिकन गाणी जोडून नुसत्या युकुलेलेवर रेकॉर्ड केली. मूळ शब्द काही ठिकाणी चुकलेत, सूरही इकडेतिकडे झालेत. १९९३ मध्ये ते अल्बममध्ये आलं आणि जगभर पोचलं. करवंटीचीही कधी कधी वाटी होते.

म्हणजे दुसऱ्याचं गाणं गायला हरकत नाही, थोडं चुकलं तरी चालतं. एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. गाणाऱ्याचा प्रश्न सुटला होता. ऐकणाऱ्याचाही काही प्रश्न असेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

त्या रविवारी विषय होता पाऊस. मंठ्यातल्या माझ्या शाळेतल्या मित्रानं गुरुवारी रात्री गाणं टाकलं. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. जून-जुलैत त्याला जेवायला फुरसत नसते, म्हणून त्याचं गाणं आलं याचंच मला कौतुक वाटलं. त्या कौतुकाच्या भरात मी ‘एक नंबर’ लिहिलं. प्ले मात्र केलं नाही. नंतर निवांत ऐकू म्हटलं. नंतर ते खाली गेलं, त्यावर दुसरी गाणी आली.

तीन आठवड्यांनी मी गावी गेलो. घरात पाय टाकल्या टाकल्या आई म्हणाली, “त्याच्याकडं जाऊन ये आधी. वडील गेले ना त्याचे.” कधी? ती वार मोजू लागली. मी फोन काढून तो मेसेज शोधला आणि पहिल्यांदा प्ले केला.

गाण्याआधी तो बोलला होता. दहाएक सेकंद. वडील मंगळवारी गेले. हे गाणं त्यांना फार आवडायचं. विषय पावसाचा आहे म्हणून म्हणतो, चुकलं तर सांभाळून घ्या. मग गाणं. दुसऱ्या कडव्यात आवाज बसलाय, एक कॉर्ड निसटलीय, तो थांबलाय आणि पुन्हा तिथूनच उचललंय.

त्याच्या खाली माझी तीन आगीची चित्रं.

भेटायला गेलो. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होतो. तोच म्हणाला, “जाऊ दे रे. तू ऐकलंच नव्हतं, मला दिसलं की.”

व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांनी एकदा करून बघावं. ग्रुपवर आपण पाठवलेला व्हॉइस मेसेज दाबून धरला आणि माहिती उघडली, की तो कुणापर्यंत पोचला, कुणी पाहिला आणि कुणी ऐकला याच्या वेगवेगळ्या याद्या दिसतात. त्यानं त्या रात्री ती यादी उघडली होती. ‘ऐकला’मध्ये माझं नाव नव्हतं. दाद देणाऱ्यांत मात्र सगळ्यांत वर मीच होतो.

जत्रेला येणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार सांगतात. हौशे, नवशे आणि गवशे. हौसेसाठी आलेले, नवस फेडायला आलेले आणि काही गवसतंय का ते बघायला आलेले. आमचा ग्रुप मी हौशांचा समजत होतो. त्या आठवड्यात एक जण नवस फेडायला आला होता. आणि ‘सगळ्यांना सपोर्ट करणारा माणूस’ एवढी ओळख गवसावी म्हणून फिरणारा गवशा मी होतो.

यावर माझ्याच बाजूनं वकिली करून पाहिली. चौदा जणांची गाणी तीन-तीन मिनिटांची धरली तरी आठवड्याला बेचाळीस मिनिटं होतात. एवढा वेळ कुणाकडे आहे? शिवाय ‘छान’ म्हटल्यानं कुणाचं काय बिघडतं? नवशिक्याला धीर येतो. सगळे खरं बोलायला लागले तर आमच्यातले निम्मे उद्याच गाणं सोडतील.

दुसरा मुद्दा जुना आहे. कांटनं १७९७ मध्ये एक निबंध लिहून ठासून सांगितलं की परोपकाराच्या हेतूनंसुद्धा खोटं बोलण्याचा अधिकार माणसाला नाही. आपल्याकडचं संस्कृत वचन जरा मवाळ आहे. खरं बोलावं, गोड बोलावं, कडू खरं बोलू नये आणि गोड खोटंही बोलू नये, असा त्याचा आशय. दोन्हींच्या कसोटीवर बेसूर गाण्याला ‘सुरेल’ म्हणणारा अडकतो.

पण मी अडकलो तो इथे नाही. माझ्या मित्राचं गाणं ऐकून मी ‘एक नंबर’ म्हटलं असतं, तर ते खोटं ठरलं नसतं. सूर हलला होता, तरी त्या रात्री ते गाणं एक नंबरच होतं. माझे शब्द योगायोगानं खरे निघाले. खोटं होतं ते त्या शब्दांच्या आत गृहीत धरलेलं वाक्य, की ‘मी ऐकलं’. दाद म्हणजे आधी साक्ष असते. मग ती चांगली की वाईट हा पुढचा भाग. मी हजर नसलेल्या ठिकाणची साक्ष दिली होती.

आणि वेळेचं म्हणाल तर प्रत्येकाचं प्रत्येक गाणं ऐकायला कुणीच बांधलेलं नाही. नाही ऐकलं तर गप्प बसता येतं. गप्प बसणाऱ्यानं कुणाला फसवलेलं नसतं. ‘कुणी काहीच बोललं नाही’ याचं दुःख मोठं असतं, हे मान्य. तरी त्या दुःखात निदान आपण कुठे उभे आहोत हे कळतं. न ऐकता दिलेल्या दादीत तेही कळत नाही. मित्राला त्या रात्री ती यादी उघडून बघावीशी वाटली, यातच सगळं आलं. आमच्या ‘छान छान’वरचा त्याचा विश्वास आधीच उडाला होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यातलं यंत्र मला आतून माहीत आहे. ‘ऐकलं’ ही एक नोंद असते, ‘आवडलं’ ही दुसरी. दोघींचा एकमेकींशी संबंध जोडलाच पाहिजे असं काही नसतं. बहुतेक ठिकाणी न ऐकता ‘आवडलं’ दाबता येतं. कोड तसंच लिहिलेलं असतं, आणि माझ्यासारख्यानंच लिहिलेलं असतं. पण यंत्राला दोष देऊन सुटका होत नाही. बटण होतं म्हणून ते दाबलंच पाहिजे, असं थोडंच आहे?

उलट भजनाची रचनाच अशी की तिथे ही लबाडी जमत नाही. लहानपणी आजोबा मला मारुतीच्या देवळात एकादशीच्या भजनाला न्यायचे. मंडळात एक काका होते. त्यांचा सूर कधीच लागायचा नाही. तरी त्यांची पाळी आली की त्यांनी अभंग घ्यायचा, हे ठरलेलं. मी एकदा हसलो. आजोबा हळूच म्हणाले, “तू टाळाकडं बघ.” मला तेव्हा तो नुसता दम वाटला होता.

आता त्यातली मेख कळते. भजनात एकानं चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी तो झेलून परत म्हणायचा. ऐकल्याशिवाय झेलता येत नाही. तिथे दाद म्हणजे ‘वा’ नाही, तोच चरण आपल्या तोंडून परत देणं. काका कुठे घसरले, किती थांबले, कुठे लय ओढली, हे टाळ धरणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, कारण सगळ्यांनाच तिथून उचलायचं असायचं. सूर कसा होता हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि चांगला होता असं खोटंही कुणी बोललं नाही. गरजच पडली नाही.

सप्ताहात तर याची आणखी परीक्षा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. रात्रंदिवस पहारे लावलेले. पहाटे तीनला ज्याची पाळी आहे त्याच्या हातात वीणा देऊन आधीचा माणूस घरी जातो. त्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नसतं. पण पुढचा माणूस वेळेवर येणार, एवढ्या एका विश्वासावर सात दिवस निघतात. हौशी माणसं एकमेकांना कौतुक देत नसतील एक वेळ. पाळी मात्र देतात, आणि पाळीवर हजर राहतात.

आमच्या ग्रुपवर मी ही सगळी हकिकत लिहिली. दोन दिवस कुणीच काही बोललं नाही. मग एकीनं कबूल केलं की तीही तेच करते. आम्ही नियम वगैरे केले नाहीत, कारण नियमांना पळवाटा असतात. एक सवय मात्र हळूहळू लागली. ज्याला एखादं गाणं मनात राहिलं, तो त्यातली एक ओळ स्वतः म्हणून परत पाठवतो. काही गाण्यांना एकही ओळ परत येत नाही. चालतं. आधी दर गाण्याला बारा-तेरा चित्रं यायची, आता कधी दोन ओळी येतात, कधी चार. त्या ऐकलेल्या असतात.

त्या दिवशी मित्राच्या घरातून मी लगेच निघालो नाही. त्यानं भिंतीवरचं युकुलेले काढलं, सुरात लावलं आणि तेच पावसाचं गाणं पुन्हा घेतलं. बाहेर पाऊस नव्हता. महिनाभर उघडीप होती, कापूस माना टाकत होता. दुसऱ्या कडव्यात तो परत तिथेच थांबला. मी ध्रुवपद उचललं. माझा सूर त्याच्याहून वाईट होता. त्यानं मान हलवली आणि पुढची ओळ घेतली.