किनाऱ्याचा पेहराव

२७ मार्च १८५८ रोजी फ्रान्सच्या आरमाराने खलाशांच्या आतल्या सदऱ्याबद्दल हुकूम काढला. सुती विणीचा अंगालगत बसणारा सदरा, त्यावर वीस मिलिमीटर रुंदीचे एकवीस पांढरे पट्टे आणि त्यांच्या मधून निम्म्या रुंदीचे निळे पट्टे. वरच्या लोकरी गणवेशाखाली घालायचा हा कपडा कोणी मिरवण्यासाठी आखला नव्हता. पुढे तो गणवेशाखालून बाहेर आला आणि किनाऱ्यावर कष्ट करणाऱ्यांच्या अंगावर रुळला. १९१३ मध्ये गॅब्रिएल शनेलने दोव्हील या समुद्रकाठच्या गावी दुकान उघडले, तेव्हा तिने खलाशांच्या मऊ, सैल कपड्यांकडे नीट पाहिले आणि कंबर आवळून घेणाऱ्या श्रीमंत बायकांना तसे कपडे घालायला लावले. १९५२ मध्ये छायाचित्रकार रॉबेर द्वानोने पिकासोचे जे प्रसिद्ध छायाचित्र टिपले, त्यात म्हातारा चित्रकार तोच पट्ट्यांचा सदरा घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेला आहे. आज पॅरिसला शिकायला गेलेल्या मराठी मुलीच्या कपाटातही तो असतो.

फ्रान्समध्ये राहायला गेलेल्या परक्या माणसाला तिथल्या साध्या कपड्यांची भूल पडते, तिच्या मुळाशी असे पुष्कळ कष्टकरी कपडे सापडतात. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार बिल कनिंगहॅम आयुष्यभर फॅशनचे फोटो काढत फिरला. त्याच्या स्वतःच्या अंगात मात्र फ्रेंच कामगारांचा निळा सुती कोट असायचा, खिसे भरपूर म्हणून. इंग्लंडहून फ्रान्सला आलेली अभिनेत्री जेन बर्किन पर्सऐवजी विणलेली टोपली घेऊन पॅरिसभर हिंडली. बाजारहाटाची टोपली ती समारंभांनाही नेत असे. यांपैकी कोणीही कपड्याची मूळ कामगिरी पुसून टाकली नाही. कोटाचा खिसा खिसाच राहिला, टोपलीत सामानच भरले गेले.

हे सगळे मालवणच्या किनाऱ्यावर बसून वाचणाऱ्याला ओळखीचे वाटायला हवे. दर्या, जाळे, टोपली, घाम आणि त्या सगळ्याला पुरून उरेल असा कपडा, ही सामग्री इथेही पिढ्यान्‌पिढ्या आहे.

रापण ओढताना पाहिली की कपड्याचा विचार आपोआप सुरू होतो. होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोरांनी खेचायचे, पाय वाळूत रोवून, शरीराचा सगळा भार मागे टाकून. पायात घोळणारे वस्त्र तिथे चालत नाही. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातल्या जुन्या बायकांचे काष्ट्याचे लुगडे या कामासाठीच जणू बेतलेले होते. नऊ वार कापड, न शिवता, न कापता, कमरेला गाठ मारून पायांमधून मागे खोचले की दोन्ही पाय मोकळे. पाण्यात शिरायचे तर ते वर ओढून घ्यायचे, बाजारात बसायचे तर खाली सोडायचे. पदर कमरेला खोचला की हात रिकामे, डोक्यावर घेतला की उन्हाला आडोसा. टोपलीखाली चुंबळ असायची तीही जुन्या कापडाचीच. शरीर जाड होवो की बारीक, बाळंतपण होवो की म्हातारपण येवो, त्याच लुगड्यात बाई मावायची. एका कापडाकडून इतके काम करून घेण्याची ही अक्कल कोणत्याही मोठ्या शिवणघराला भूषण वाटावी अशी आहे.

इरल्याची गोष्टही तीच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि लावणी त्या पावसातच, ओणव्याने करावी लागते. छत्री धरायला हात मोकळा नसतो. म्हणून बांबूच्या कामट्यांवर पाने बसवून डोक्यापासून कमरेपर्यंतची पाठ झाकणारे इरले तयार झाले. वाकलेल्या शरीराचा आकार ओळखून ते बनवले जाई. उभ्या माणसाला ते अवजड वाटते, पण तरवा, म्हणजे भाताची रोपे, हातात घेऊन वाकला की पाठीवर बरोबर बसते. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो हलका आहे, स्वस्त आहे, आणि ज्याला दिवसभर चिखलात उभे राहायचे आहे त्याने तो निवडला तर त्यात वावगे काही नाही. खंत एवढीच वाटते, की इरल्याचा तो आकार प्लास्टिकमध्ये उतरवावा असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

सौंदर्याची हौस या किनाऱ्याला कमी होती असे मात्र कोणी समजू नये. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवली, आसोली भागात उन्हाळ्याच्या तोंडावर सुरंगी फुलते. झाडावर चढून कळ्या काढायच्या, वळेसर गुंफायचे आणि ते बाजारात पोचवायचे, असा त्या दिवसांत गावोगावचा उद्योग असतो. पुढे अबोली, बकुळ, सोनचाफा. जे फूल ज्या ऋतूत असेल ते केसांत, ही इथल्या बायकांची रीत. त्यासाठी दुकानात जाऊन यंदा काय चालू आहे हे विचारावे लागत नाही. पॅरिसची बाई गळ्यातला रुमाल कसा बांधते याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण दिवसभर मासळी विकून हात धुऊन जी बाई सुरंगीचा वळेसर माळते, तिच्या हालचालीतही तेवढीच सफाई आहे, आणि ती पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही.

बाहेरून काही घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिरा राजे लग्नानंतर कूचबिहारची महाराणी झाली. १९२२ मध्ये पती गेल्यावर तिने पांढऱ्या साड्या धरल्या आणि त्यासाठी फ्रान्समध्ये शिफॉन विणून घेतले. शिफॉनची साडी भारतात रूढ करण्याचे श्रेय तिलाच दिले जाते. कापड तिकडचे, नेसणे इकडचे. राजघराण्यातली ही हौस पुढे मध्यमवर्गीय घरांत उतरली. त्याहून मोठे उदाहरण तर सिंधुदुर्गातल्या घरांवर आहे. एकमेकांत अडकणारे सपाट कौल फ्रान्सच्या अल्सास प्रांतात झिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये घडवले. त्याच कुळातली कौले १८६५ पासून बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्यात भाजली जाऊ लागली आणि तिथून कोकणभर पसरली. आज मंगलोरी कौलांच्या उतरत्या छपराशिवाय इथल्या घराचे चित्र कोणी काढत नाही. ती परकी आहेत असे कोणाला वाटत नाही, कारण ती रोज पाऊस अडवतात.

उलट, स्वतःचीच वस्तू वापरातून गेली की परकी होऊ लागते. सावंतवाडीच्या गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचे पाहा. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ही कला मरता मरता वाचवली, त्यांचे ऋण फार मोठे आहे. दशावतारी गंजिफाच्या एकशेवीस गोल पानांवरचे रेखाटन अजून डोळ्यांत भरते. पण ते पत्ते हातात घेऊन डाव मांडणारी माणसे किती उरली? पत्ते भिंतीवरच्या चौकटीत गेले. काष्ट्याच्या लुगड्याचेही तेच होत आहे. शिवलेली, तयार नऊवारी आज लग्नात, हळदीकुंकवाला, शोभायात्रेत दिसते. तरुण मुली ती आनंदाने घालतात, हे चांगलेच आहे. मात्र शिवल्याबरोबर तिची लवचीकता गेली. ती एका मापाची झाली, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत गेली. ज्या कपड्यात रापण ओढली जात असे, तो वर्षातून दोन दिवसांचा पोशाख झाला.

आणि आज किनाऱ्यावरची बाई काय घालते? मॅक्सी. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात सकाळी पाहावे. फुलाफुलांची सुती मॅक्सी, खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी, कमरेला पैशांची पिशवी, कानांत सोन्याच्या कुड्या. शिकलेली, नोकरीवाली माणसे या वेशाला नाके मुरडतात. त्याला आळशी म्हणतात, बाईने बाहेर पडताना साडी नेसावी म्हणतात. पण ज्या नजरेने शनेलने खलाशाचा सदरा पाहिला, त्या नजरेने ही मॅक्सी एकदा पाहावी. ती सैल आहे, घाम शोषते, खवल्यांनी माखली तर पटकन धुता येते, दमट हवेतही लवकर वाळते, आणि सहा मीटरच्या साडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. लाटेजवळ जाताना बायका तिचा घोळ वर घेऊन कमरेशी खोचतात. लुगड्याची सवय नव्या कपड्यात अशी उतरली आहे. टॉवेल पदराची सगळी कामे करतो: हात पुसायला, डोके झाकायला, चुंबळ करायला.

इथल्या पेहरावाचा विचार करायचा तर तो याच कपड्यापासून करावा लागेल. मॅक्सीला खिसा नसतो, म्हणून पिशवी कमरेला बांधावी लागते. चालताना घोळ पायात येतो, स्कूटरवर बसताना अडतो. बाही कोपरापर्यंत ओली होते. कुडाळ-मालवणच्या शिंप्यांना या अडचणी सांगितल्या तर त्यांना त्या सोडवणे अवघड नाही: दोन्ही बाजूंना खोल, बंद होणारे खिसे, मागे काष्ट्यासारखी खोचता येईल अशी पट्टी, पावसाळ्यासाठी पाठीवर इरल्याच्या आकाराचे पातळ आवरण. कापड सुती, रंग अबोलीचा, सुरंगीचा, जांभ्या दगडाचा. पहिला नमुना मासे विकणाऱ्या बाईने आठवडाभर घालून पाहावा, काय टोचते ते सांगावे, आणि तिच्या सांगण्यावरून तो बदलावा. तिच्या या सल्ल्याचे तिला पैसेही मिळावेत.