उतार किती, पकड किती

एका फळीची एक बाजू उचलून तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि तो घसरू लागला, तर नुसत्या त्याच्या चालीवरून फळीचा कोन सांगता येईल का? शाळा-कॉलेजातल्या भौतिकशास्त्राचं उत्तर ‘येईल’ असं आहे. समजा, ठोकळा जागचा निघून २ सेकंदांत २ मीटर गेला. अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गानं भागलं की त्वरण मिळतं, १ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याला गुरुत्वीय त्वरणानं, म्हणजे ९.८नं भागलं की कोनाची साइन मिळते. कोन येतो सुमारे ६ अंश. ठोकळा हलका आहे की जड, याचा त्यात काही संबंध येत नाही.

अशा गणितांत एक वाक्य हमखास असतं: घर्षण नगण्य मानावे. ते वाक्य खोडून पाहा. घर्षणांक ०.२ असेल, तर हीच चाल मिळायला फळी १७ अंशांनी कललेली लागते. घर्षणांक ०.५ असेल, तर ३२ अंशांनी. घड्याळ तेच, अंतर तेच आणि उतार ६ अंशांपासून ३२ अंशांपर्यंत कितीही. समीकरण एक आणि अज्ञात गोष्टी दोन, असा हा पेच आहे.

गॅलिलिओनं १६३८च्या आपल्या ग्रंथात उताराच्या प्रयोगाचं वर्णन केलं आहे. सुमारे १२ हात लांबीची लाकडी तुळई, तिच्यात सरळ खोबण, खोबणीत गुळगुळीत चर्मपत्र आणि त्यावरून सोडलेला ब्राँझचा गोल गोळा. वेळ मोजायला बारीक धारेनं पडणारं पाणी तोलायचं. ही सगळी खटपट अडथळा कमी करण्यासाठी होती. त्याला उतार माहीत होता, गतीचा नियम हवा होता. आपण उलट बाजूनं निघालो आहोत, म्हणून आपली अडचण मोठी आहे. गोळ्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट लपते. उताराच्या ओढीतला काही भाग त्याला गरगर फिरवण्यात खर्च होतो. सपाट उतारावरून गडगडणाऱ्या भरीव गोळ्याला घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश त्वरण मिळतं. त्यामुळे १० अंशांच्या उतारावरचा गोळा ‘घसरतोय’ असं समजून हिशेब केला, तर कोन ७ अंशांच्या आसपास येतो.

परिणामावरून कारणाकडे जाण्यातला हा धोका आपल्याकडच्या नैयायिकांनाही ठाऊक होता. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला असणार, हे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. न्यायसूत्रांत त्यावर आक्षेप येतो की खाली पाणी अडलं तरी नदी फुगते. त्याचं उत्तर असं, की पावसाच्या पुराची खूण नुसती फुगलेली नदी नव्हे. वाढलेला वेग, फेस, वाहत आलेली पानं, फळं, लाकडं हे सगळं पाहायचं असतं.

माणसांच्या बाबतीत आपण इतकं पाहतो का? दोन घरं गेली पाच वर्षं सारख्याच गतीनं कर्जात उतरताहेत. बाहेरून दिसते ती फक्त ही गती. पण एक घर सौम्य उतारावर हात सैल सोडून बसलेलं असू शकतं आणि दुसरं खड्या उतारावर नखं रोवून. घर्षण वगळल्यावर होणारी चूक नेहमी एकाच दिशेची असते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. उतार खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. ज्यानं जितकं जास्त धरून ठेवलं, तितकी त्याची परिस्थिती पाहणाऱ्याला बरी वाटते.

ठोकळा हललाच नाही तर? घर्षणांक ०.५ असेल तर २६ अंशांच्या उतारावरही तो जागचा हलत नाही. लांबून पाहणाऱ्याला जमीन सपाट वाटावी. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्या, कुणापुढे हात न पसरणाऱ्या बाईबद्दल ‘त्यांचं बरं चाललंय’ असं म्हटलं जातं, ते असंच. तिचं सांभाळणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो.

इथे कुणी म्हणेल, की मग प्रत्येकाची घसरण उताराच्याच माथी मारायची का? तसं नाही. हात सैल सोडणारेही असतात. शिवाय पकड ही सर्वस्वी ज्याची त्याची नसते. घर्षणांक एकट्या ठोकळ्याचा नसतो, तो ठोकळा आणि फळी या जोडीचा असतो. वेळेवर मिळणारं रेशन, बचत गट, चार दिवस मूल सांभाळणारी शेजारीण, यांनीही पृष्ठभाग खरखरीत होतो.

कोन काढायचा एक मार्ग मात्र आहे. ठोकळ्याला आधी वरच्या दिशेनं ढकलायचं. वर जाताना उतार आणि घर्षण दोन्ही त्याला मागे ओढतात, खाली येताना घर्षण उताराच्या विरुद्ध असतं. १७ अंश आणि ०.२ घर्षणांक असेल, तर वर जाताना वेग ४.७५नं घटतो, खाली येताना १नं वाढतो. दोहोंची सरासरी घेतली की घर्षण आपोआप गळून पडतं आणि उरतो तो निव्वळ उतार.

माणसाचा न्याय करतानाही त्याचं चढणं पाहिलेलं असावं लागतं. तिथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते: उतारावर ज्यानं तारलं, तेच चढताना आडवं येतं. कधीही जोखीम न घेतल्यामुळे तगलेलं घर बरे दिवस आल्यावरही धंद्यासाठी कर्ज काढायला धजत नाही. त्यावर आपण ‘यांना महत्त्वाकांक्षाच नाही’ असा शेरा मारतो. म्हणजे उतरताना जी पकड आपल्या हिशेबात नव्हती, तीच चढताना दोष म्हणून मांडतो.

एकाच चालीवरून सांगता येतं ते एवढंच, की उतार निदान इतका तरी आहे. ६ अंश हा आकडा चुकीचा नाही, ती खालची मर्यादा आहे. दुसऱ्याच्या अडचणीबद्दल बोलताना आपला अंदाज म्हणजे अशी खालची मर्यादा आहे, इतकं धरून चाललं तरी पुष्कळ अन्याय टळेल.